भट्टीची उपमा आणि थायरॉइडचे खरे काम

संप्रेरकांचा धडा शिकवताना थायरॉइड ग्रंथीच्या वाट्याला साधारणपणे तीन वाक्ये येतात. ही ग्रंथी गळ्यात असते, तिला आयोडीन लागते आणि ती चयापचयाचे नियंत्रण करते. पहिली दोन वाक्ये निर्दोष आहेत. तिसरेही चूक नाही, पण ते इतके ऐसपैस आहे की त्यातून हाती काहीच लागत नाही. 'नियंत्रण करते' म्हणजे नेमके काय करते, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले की आपल्यापैकी बहुतेक जण एका उपमेच्या आश्रयाला जातात. शरीर ही भट्टी, अन्न हे सरपण आणि थायरॉक्सिन हा त्या भट्टीचा भाता. भाता जोरात चालला की सरपण भराभर जळते आणि माणूस वाळतो. भाता मंदावला की चरबी साठते आणि माणूस फुगतो.

ही उपमा शिक्षकांसाठीच्या मार्गदर्शिकांत आढळते, वर्तमानपत्रांच्या आरोग्यविषयक सदरांत आढळते आणि वजन उतरवण्याच्या गोळ्यांच्या जाहिरातींत तर ती हटकून असते. प्रस्तुत लेखात आम्ही तिचीच झडती घेणार आहोत. विज्ञान शिकवताना उपमा वापरूच नयेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. उपमेशिवाय अणूची रचनाही शिकवता येणार नाही. पण उपमेवरून लोक कृती करू लागले की तिचा हिशेब मागणे भाग पडते. थायरॉक्सिनची गोळी आज असंख्य घरांत असते. आईच्या डबीतली ती गोळी 'बारीक होण्यासाठी' घेऊन पाहावी असे एखाद्या दहावीतल्या मुलीला वाटले, तर तिचे तर्कशास्त्र भट्टीच्या उपमेप्रमाणे अगदी बिनचूक आहे! अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकट आखून इशारा द्यावा लागतो, की लठ्ठपणा किंवा वजन घटवणे यांसाठी हे औषध वापरू नये. सर्वसाधारण मात्रेत त्याने वजन उतरत नाही आणि मोठ्या मात्रेत ते जिवावर बेतू शकते. भाता असता तर असा इशारा का लागला असता?

उपमा आली कुठून, हे आधी पाहू. तिचा जन्म प्रामाणिक निरीक्षणातून झालेला आहे. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टराने मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचून एका थंडावलेल्या, सुजलेल्या रुग्ण बाईला बरे केले. १८९५ मध्ये जर्मनीत मॅग्नस-लेव्ही यांनी माणसे किती ऑक्सिजन वापरतात हे मोजून दाखवले, की ग्रंथीचे काम वाढलेल्या रुग्णात हा वापर वाढलेला असतो, आणि ग्रंथी खाऊ घातली तरीही तो वाढतो. ज्वलन म्हणजे ऑक्सिजनचा वापर. तेव्हा भट्टी हे नाव साहजिकच होते. पुढे १९१४ च्या नाताळात केंडॉल यांनी थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले. त्याची रचना हॅरिंग्टन यांनी १९२६ मध्ये उलगडली. थायरॉक्सिनच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात म्हणून त्याला टी४ म्हणतात. १९५२ मध्ये लंडनला ग्रॉस आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स यांना, व त्याच सुमारास पॅरिसला रॉश यांच्या गटाला, आयोडीनचे तीनच अणू असलेला टी३ सापडला. तो टी४ पेक्षा कितीतरी प्रभावी निघाला. ग्रंथी मुख्यतः टी४ बनवते. त्यातला एक अणू काढून टाकून टी३ बनवण्याचे काम बरेचसे इतर ऊतींतच चालते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

उपमेचा पहिला दोष काळाचा आहे. भाता मारल्याबरोबर निखारे फुलतात. टी३ टोचल्याबरोबर मात्र काहीही होत नाही. थायरॉइड काढून टाकलेल्या उंदराला टी३ चे एक इंजेक्शन दिले, तर त्याचा ऑक्सिजनचा वापर वाढलेला दिसायला एक-दीड दिवस जावा लागतो. हा उशीर सर्वांना ठाऊक होता, पण १९५० च्या दशकात तो फारसा कोणी मनावर घेतला नाही. त्या वेळी प्रतिष्ठा होती ती वेगळ्या कल्पनेला. पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये इंधनाच्या ज्वलनाची सांगड एटीपी बनवण्याशी घातलेली असते. परीक्षानळीतल्या तंतुकणिकांवर भरपूर थायरॉक्सिन ओतले की ही सांगड सुटते आणि ऊर्जा नुसत्या उष्णतेच्या रूपाने निघून जाते. तेव्हा हेच संप्रेरकाचे काम, असे मानले गेले. डायनायट्रोफिनॉल हे रसायन नेमके असेच करते. १९३० च्या दशकात ते वजन उतरवण्यासाठी सर्रास विकले गेले आणि मोतीबिंदू व मृत्यू यांमुळे त्यावर बंदी घालावी लागली. खरा भाता पाहायचा असेल तर तो हा. त्याचा परिणाम ताबडतोब होतो, आणि तो आवरणारे शरीरात काही नाही.

या कल्पनेला छेद देणारे काम मुंबईत जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचे आहे, हे आपल्या शिक्षकांना फारसे माहीत नसते. जमशेद टाटा (१९३०–२०२०) यांनी पॅरिसला रॉश यांच्याकडे डॉक्टरेट केली आणि पुढे लंडनजवळच्या मिल हिल येथील संशोधनसंस्थेत आयुष्यभर काम केले. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी व स्वीडनमधल्या सहकाऱ्यांनी दाखवले, की संप्रेरकाची मात्रा शरीरात असते तेवढीच ठेवली तर तंतुकणिकांतली सांगड सुटत नाही, तरीही ऑक्सिजनचा वापर मात्र वाढतो. म्हणजे परीक्षानळीतला परिणाम खरा होता, पण तो अवाजवी मात्रेचा होता. मग टाटांनी त्या दीड दिवसाच्या मधल्या वेळात यकृताच्या पेशीत काय घडते ते क्रमाने मोजले. आधी केंद्रकात नवा आरएनए बनू लागतो, मग प्रथिने बनू लागतात आणि सर्वांत शेवटी ऑक्सिजनचा वापर वाढतो. अ‍ॅक्टिनोमायसिन-डी हे प्रतिजैविक डीएनएवरून आरएनए उतरवून घेण्याचे काम रोखते. ते दिल्यावर टी३ चा परिणाम होईनासा झाला. १९६३ सालचा हा प्रयोग आहे. प्रयोगाची मांडणी इतकी सरळ आहे, की ती दहावीच्या मुलांनाही समजावी. 'क' च्या आधी 'ख' घडते, आणि 'ख' अडवला तर 'क' घडत नाही, तर वाट 'ख' मधून जाते.

बेडूकमाशांचे उदाहरण याच्या जोडीला घ्यावे. गुडरनाच यांनी १९१२ मध्ये बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा ते वेळेआधीच चिमुकले बेडूक झाले. टाटांनी पुढे बेडूकमाशाची नुसती शेपटी काचपात्रात ठेवून तिला संप्रेरक दिले. शेपटी झिजू लागली. आरएनए बनणे रोखले तर ती झिजेना. आता विचार करावा : एकच संप्रेरक एकाच प्राण्यात शेपटी नाहीशी करते आणि पाय उगवते. भात्याने एकाच भट्टीत एकीकडे राख आणि दुसरीकडे नवे लाकूड तयार केल्यासारखे हे झाले. येथे उपमा मोडली, हे मान्य केलेले बरे.

मग संप्रेरक केंद्रकात करते काय? १९७२ मध्ये ओपेनहायमर यांच्या गटाने उंदराच्या यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या केंद्रकांत टी३ ला घट्ट धरून ठेवणाऱ्या जागा असल्याचे दाखवले. ते धरून ठेवणारे प्रथिन कोणते, याचे उत्तर १९८६ मध्ये अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आले. कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग करणाऱ्या एका विषाणूत एक बिघडलेले जनुक होते. त्याची मूळ, निरोगी प्रत म्हणजेच थायरॉइड संप्रेरकाचा ग्राही, असे दोन स्वतंत्र प्रयोगशाळांना एकाच वेळी आढळले. या ग्राहीचे दोन मुख्य प्रकार आहेत, अल्फा आणि बीटा. माणसात अल्फाचे जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे आणि बीटाचे ३ ऱ्या.

हा ग्राही एका जोडीदार प्रथिनासह डीएनएवरच्या ठरावीक अक्षरक्रमावर बसलेला असतो. विशेष असे, की तो संप्रेरक नसतानाही तेथेच असतो. संप्रेरक नसताना त्याच्याभोवती दडपणारी प्रथिने गोळा होतात, शेजारचा डीएनए आवळला जातो आणि जनुक गप्प राहते. टी३ येऊन ग्राहीच्या खोबणीत बसला की ग्राहीचा आकार थोडा बदलतो, दडपणारी प्रथिने सुटतात, उत्तेजक प्रथिने येतात आणि जनुक बोलू लागते. म्हणजे संप्रेरक नसणे ही नुसती उणीव नाही. तेव्हा ग्राही सक्रियपणे मुस्कटदाबी करत असतो. याचा सुंदर पुरावा उंदरांत मिळाला. थायरॉइड ग्रंथीच तयार होत नाही असे उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांत मरतात. पण त्याच उंदरांतून अल्फा ग्राहीही काढून टाकला तर ते जगतात! रिकामा ग्राही असण्यापेक्षा तो मुळीच नसलेला बरा, असा याचा अर्थ होतो. भट्टी आणि भाता यांच्या भाषेत हा निष्कर्ष मांडताच येत नाही. काही जनुकांच्या बाबतीत तर सारेच उलट असते : टी३ आला की ती गप्प होतात. २००० साली उंदराच्या यकृतातली २२२५ जनुके एकदम तपासली गेली, तेव्हा टी३ ला प्रतिसाद देणारी ५५ सापडली आणि त्यांतल्या बहुतेकांचे काम वाढण्याऐवजी घटले होते.

आता चरबीकडे वळू, कारण उपमेचा दुसरा आणि अधिक गंभीर दोष तेथे आहे. टी३ चरबी जाळतो, हे खरे आहे. मेदपेशींतून मेदाम्ले सुटतात. यकृतात ती तंतुकणिकांच्या दारातून आत नेणारे विकर, कार्निटिन पामिटॉइल ट्रान्सफरेझ, अधिक बनू लागते. आत गेलेली मेदाम्ले जळतात. पण टी३ चरबी बनवतोही. १९८१ मध्ये ओपेनहायमर यांच्याच गटाने यकृतातील आरएनएपासून तयार झालेली प्रथिने एका पातळ जेलवर पसरवून पाहिली, तेव्हा टी३ दिल्यावर एक ठिपका ठळक झालेला दिसला. त्याचा क्रमांक चौदा होता म्हणून त्या प्रथिनाचे नाव पडले 'स्पॉट १४'. (शास्त्रज्ञांची नामकरणातली कल्पकता कधी कधी एवढीच असते.) या प्रथिनाचे जनुक टी३ मिळाल्यावर अर्ध्या तासाच्या आत जागे होते. ऑक्सिजनच्या वापराला दीड दिवस लागतो, त्याच्याशी हे ताडून पाहावे. आणि स्पॉट १४ चे काम काय? नवी मेदाम्ले बनवण्यास हातभार लावणे! मेदाम्ले घडवणाऱ्या इतर विकरांची जनुकेही टी३ ने वाढतात. 'चरबी जाळणाऱ्या' संप्रेरकाचा यकृतातला सर्वांत चपळ प्रतिसाद चरबी बनवण्याच्या बाजूचा आहे.

यात विसंगती आहे का? ओपेनहायमर यांनी १९९१ मध्ये उंदरांवर सबंध जमाखर्च मांडला. जादा टी३ मिळाल्यावर आधी साठ्यातली चरबी जळते, आणि मग रिकामा होत चाललेला साठा भरून काढण्यासाठी नवी चरबी बनवण्याचा वेग वाढतो. प्राणी खातोही अधिक. म्हणजे येथे एकाच दिशेने वाहणारा ओघ नाही, उलाढाल आहे. दुकानाची उलाढाल दुप्पट झाली म्हणून गल्ला रिकामा होईलच असे नाही. किती आले आणि किती गेले यांवर ते ठरते. आमच्या मते वर्गात भट्टीपेक्षा ही दुकानाची उपमा बरी. तीही कुठेतरी मोडेलच, पण निदान ती विद्यार्थ्याला जमा आणि खर्च या दोन्ही बाजू विचारायला लावते.

कोलेस्टेरॉलची कथा याहून सरळ आहे. रक्तातले एलडीएल कण उचलून घेणारा ग्राही यकृताच्या पेशींवर असतो. टी३ मुळे त्याचे जनुक अधिक काम करते, आणि कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवण्याचे कामही बळावते. थायरॉइड मंदावलेल्या रुग्णाच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेले आढळते ते यामुळे. उलट वजनाच्या बाबतीत लोकांची जी समजूत आहे ती फुगवलेली आहे. थायरॉइड मंदावल्यामुळे वाढणारे वजन बहुधा दोन ते पाच किलोंच्या आसपास असते आणि त्यातला बराच भाग चरबीचा नसून शरीरात अडकलेल्या क्षारांचा व पाण्याचा असतो. एका शिक्षक-शिबिरात आम्ही हे सांगितले तेव्हा सभागृहात थोडी नाराजी पसरली. आपल्या वाढत्या वजनाचा एक सोयीचा आरोपी सुटून गेला, असे काहींना वाटले असावे.

तिसरा दोष जागेचा. भट्टी एक असते, भाता एक असतो. शरीरात मात्र प्रत्येक ऊती आपापल्यापुरता टी३ किती हवा ते बऱ्याच अंशी स्वतः ठरवते. टी४ चा टी३ करणारी आणि टी३ निकामी करणारी अशी वेगवेगळी विकरे असतात. तपकिरी मेदात, म्हणजे थंडीत उष्णता निर्माण करणाऱ्या चरबीत, गारठा लागताच टी३ बनवणारे विकर वाढते. रक्तातली पातळी आहे तेवढीच राहते आणि त्या ऊतीपुरता टी३ भरपूर होतो. तेथे यूसीपी१ नावाचे प्रथिन बनते आणि तंतुकणिकांतली ती सांगड खरोखरच सुटते. १९५० च्या दशकातली कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती तर! फक्त ती एका विशिष्ट ऊतीत, एका विशिष्ट जनुकामार्फत खरी ठरते. ग्राहींची वाटणीही सारखी नाही. यकृतात आणि पीयूषिकेत बीटाचे वर्चस्व, तर हृदयात आणि हाडांत अल्फाचे. २०१२ मध्ये अल्फा ग्राहीच्या जनुकात दोष असलेले बालरुग्ण प्रथमच वर्णिले गेले. वाढ खुंटलेली, हाडे उशिरा पक्व होणारी, बद्धकोष्ठ. सारी लक्षणे थायरॉइड कमी असल्याची, पण रक्ताच्या तपासणीत नेहमीचा टीएसएच ठाकठीक. पीयूषिका बीटावर चालते, त्यामुळे तिला काही उणे असल्याचे कळतच नव्हते.

जागेचा हा दोष म्हणजेच औषधांच्या इतिहासातला सर्वांत महागडा धडा आहे. थायरॉक्सिनने कोलेस्टेरॉल उतरते, मग त्याचा उपयोग हृदयविकार टाळण्यासाठी का करू नये? या विचाराने थायरॉक्सिनचे आरशातले प्रतिरूप, डेक्स्ट्रोथायरॉक्सिन, अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना एका मोठ्या चाचणीत देण्यात आले. कोलेस्टेरॉल उतरलेही. पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू अधिक होऊ लागले आणि १९७२ च्या सुमारास चाचणीचा तो भाग थांबवावा लागला. अल्फा ग्राही हृदयाचे ठोके वाढवतो, लय बिघडवतो. यकृताचे भले करणारी मात्रा हृदयाला पेलत नाही. रक्तातला एक आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला, असे मानण्यातला धोका दाखवणारे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

त्यानंतरचे प्रयत्न अधिक हुशारीचे आहेत. केवळ बीटा ग्राहीत नीट बसेल आणि शक्यतो यकृतातच शिरेल असा रेणू घडवायचा. एप्रोटिरोम हा असा एक रेणू. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारा आठवड्यांच्या चाचणीत त्याच्या सर्वांत मोठ्या मात्रेने एलडीएल १४१ वरून ९४ मिलिग्रॅमपर्यंत आणले, तेही आधीच स्टॅटिन घेणाऱ्या रुग्णांत. सगळीकडे आनंद झाला. २०१२ मध्ये पुढची मोठी चाचणी मध्येच बंद पडली, कारण दीर्घकाळ औषध दिलेल्या कुत्र्यांच्या कूर्चेला इजा झाल्याचे दिसले. रुग्णांच्या यकृतातील विकरेही रक्तात वाढत होती. बारा आठवडे हा काळ एलडीएल उतरायला पुरेसा असतो, कूर्चा झिजलेली दिसायला नव्हे.

रेस्मेटिरोम या रेणूचे नशीब बरे निघाले. दारूशी संबंध नसलेल्या मेदयुक्त यकृतविकाराचे जे दाहक रूप असते, त्यात यकृतात हळूहळू व्रणतंतू साठत जातात. २०२४ च्या फेब्रुवारीत या रेणूच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले आणि मार्चमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला त्वरित पद्धतीने मान्यता दिली. यकृताच्या या रोगावरचे तेथील हे पहिले मान्य औषध. चाचणीत ९६६ रुग्ण होते. बावन्न आठवड्यांनी यकृताचा तुकडा तपासला, तेव्हा १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी २९.९ टक्क्यांचा दाह ओसरला होता आणि व्रणतंतू वाढलेले नव्हते. ८० मिलिग्रॅमच्या गटात हा आकडा २५.९ टक्के होता. वृत्तपत्रांनी 'तीस टक्के रुग्ण बरे' असे मथळे दिले तर त्यांना दोष देता येणार नाही, पण शिक्षकाने विद्यार्थ्यांना तिसरा आकडा दाखवलाच पाहिजे. नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकीही ९.७ टक्क्यांचा दाह ओसरला होता. म्हणजे औषधाचे श्रेय शंभरांत सुमारे वीस जणांचे, पाचांत एकाचे. हे थोडे नाही. परंतु ते शंभरांत तीसही नाही.

भट्टीच्या उपमेच्या दृष्टीने या चाचणीतली सर्वांत बोलकी गोष्ट मथळ्यात नव्हतीच. यकृतातली चरबी घटली, एलडीएल सुमारे १४ ते १६ टक्क्यांनी उतरले, आणि रुग्णांच्या वजनात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. थायरॉइड-सदृश रेणूने ज्या चरबीवर काम करायचे त्याच चरबीवर केले. सबंध देह जाळला नाही, हेच त्याचे यश आहे. मान्यता देतानाही आहार आणि व्यायाम यांच्या जोडीनेच औषध घ्यावे असे म्हटलेले आहे. व्रणतंतू कमी झाल्याने पुढे यकृत निकामी होणे किंवा मृत्यू खरोखर टळतो का, हे पाहण्यासाठी तीच चाचणी चोपन्न महिन्यांपर्यंत चालवायची योजना होती. त्वरित मान्यता म्हणजे काय, याचा अर्थ येथे लक्षात घ्यावा.

इथवर आम्ही भट्टीच्या उपमेवर टीका करताना जनुकांच्या कथेची बाजू लढवली. पण जनुकांची कथाही अगदी नीटनेटकी आहे असे समजू नये. संशोधकांनाही आपल्या आवडत्या चित्राचा मोह पडतो. २०१७ मध्ये जर्मनीत एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध झाला. उंदरांच्या ग्राहीत असा बदल केला, की त्याला टी३ धरता येईल, पण डीएनएवर बसता येणार नाही. जनुकांची कथा शंभर टक्के खरी असती, तर अशा उंदरांत टी३ चा काहीही परिणाम उरायला नको होता. हाडांची वाढ आणि टीएसएचचे नियमन यांवरचा परिणाम खरोखरच गेला. पण हृदयाचे ठोके, शरीराचे तापमान, रक्तातील ग्लुकोज आणि ट्रायग्लिसराइड यांवरचा परिणाम बऱ्याच प्रमाणात टिकून राहिला. म्हणजे ग्राही डीएनएला न शिवताही पेशीतल्या इतर प्रथिनांमार्फत काही कामे करत असला पाहिजे. टाटांचा १९६३ चा निष्कर्ष यामुळे खोटा ठरत नाही, त्याला हद्द पडते.

ही हद्द पडल्याबरोबर बाजाराने तिचा फायदा घेतला नसता तरच नवल. दोनच आयोडीन अणू असलेला ३,५-टी२ हा रेणू 'थेट तंतुकणिकांवर काम करतो, हृदयाला धक्का लावत नाही' असे सांगून चरबी घटवणारे पूरक म्हणून विकला जातो. त्यामागे २००५ सालचे उंदरांवरचे एक खरे संशोधन आहे : स्निग्ध आहार दिलेल्या उंदरांत त्याने चरबी साठू दिली नाही. पण पुढे २०१५ पर्यंत इतर प्रयोगांत दिसून आले, की पुरेशी मात्रा दिल्यास तोही स्वतःची थायरॉइड ग्रंथी दबवतो आणि हृदयाचे वजन वाढवतो, म्हणजे टी३ सारखाच वागतो. पहिले संशोधन जाहिरातीत असते, दुसरे नसते.

वर्गात काय करावे, असा प्रश्न उरतो. 'थायरॉइड चयापचयाचे नियंत्रण करते' या वाक्यानंतर आणखी एक वाक्य घालावे : हे संप्रेरक पेशीच्या केंद्रकात जाऊन काही जनुके चालू आणि काही बंद करते, म्हणून त्याचा परिणाम हळू होतो आणि प्रत्येक अवयवात वेगळा होतो. नववी-दहावीला एवढे झेपते. त्यापुढे एक साधा आलेख फळ्यावर काढावा. आडव्या अक्षावर टी३ दिल्यानंतरचे तास, शून्य ते अठ्ठेचाळीस. उभ्या अक्षावर तीन रेषा : स्पॉट १४ चा आरएनए अर्ध्या तासाच्या आत चढू लागणारा, केंद्रकातला एकूण नवा आरएनए काही तासांनी वाढणारा, आणि ऑक्सिजनचा वापर दीड दिवसाच्या आसपास उचल घेणारा. रेषांना नावे देऊ नयेत. यांतले कारण कोणते आणि परिणाम कोणता हे विद्यार्थ्यांना ओळखायला सांगावे, आणि मग चौथी रेषा डायनायट्रोफिनॉलची कशी असेल ती त्यांनाच काढू द्यावी. ती शून्यापासून सरळ वर गेली, तर भाता आणि संप्रेरक यांतला फरक त्यांच्या ध्यानात आलेला आहे.